घरात जागा तिघांची

निर्वासितांबद्दल सहानुभूती निर्माण करण्याचा पहिला प्रयोग डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात नववीच्या वर्गावर झाला, आणि तो सपशेल फसला.

पणजीच्या एका संस्थेने त्यासाठी खोकंभर स्मार्टफोन आणले होते. फोनात एक गोष्ट होती. ती नुसती वाचायची नव्हती, खेळायची होती. दूरच्या कुठल्याशा देशात लढाई पेटली आहे, एक मुलगी घर सोडून निघाली आहे, आणि तिचे मेसेज थेट तुमच्या फोनवर येताहेत. इथे थांबू की पुढे जाऊ? ह्या माणसावर विश्वास ठेवू का? तुम्ही उत्तर द्यायचं, आणि तसं तिचं नशीब वळायचं. परदेशात म्हणे ही गोष्ट खेळताना मोठी मोठी माणसं ढसाढसा रडली होती. इथे मुलगी बर्फात अडकली तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "तिचो फोन खंय चार्ज जाता?" शेवटी 'तुम्हाला काय वाटलं?' असं विचारल्यावर निम्म्या वर्गाने 'थंडी' असं उत्तर दिलं.

गौरेश भिंतीला टेकून हे पाहत होता. मराठी भाषांतर त्याचं होतं. पन्नाशीला टेकलेला गौरेश पूर्वी एका खाण कंपनीचं घरगुती मासिक चालवायचा. 'लोखंड आणि लोकजीवन' वगैरे लेख लिहायचा. खाणी बंद पडल्या, सुर्ल्याच्या रस्त्यावरचे ट्रक गेले, आणि त्यांच्यामागोमाग त्याची गद्यशैलीही बेकार झाली. मग तो जत्रेच्या स्मरणिका, सत्काराची मानपत्रं आणि रिसॉर्टांच्या उद्घाटनाची भाषणं लिहू लागला. निर्वासित हा विषय त्याच्याकडे असाच, दोन सत्कारांच्या मधे आला होता.

"सर, जवळचं काहीतरी हवं," संस्थेची अंकिता म्हणाली. तिशीतली होती. निराश व्हायचं नाही ह्याच अटीवर नेमल्यासारखी वागायची. "बर्फ नको. इथलं. मुलांच्या दारातलं."

"इथलं म्हटलं तर आमचे देवच निर्वासित," गौरेश सहज बोलून गेला. "पोर्तुगिजांच्या वेळी नदीपलीकडची देवळं पडायला लागली, तेव्हा लोकांनी देव होडीत घातले आणि ह्या काठाला आणले. डिचोलीकडचे कितीतरी देव पलीकडून आलेले. आमच्या मये गावची तर जमीनसुद्धा तसलीच. मालक एकसष्ट साली पोर्तुगालला निघून गेला, जमीन मागे राहिली. कागदावर ती कित्येक वर्षं निघून गेलेल्याची मालमत्ता. गावात निर्वासित कोणी नाही, आणि सगळे त्याच्याच जमिनीवर राहतात."

अंकिताने टाळी वाजवली. गौरेशला आयुष्यात टाळ्या फार मिळाल्या नव्हत्या. त्याने नवी गोष्ट लिहायचं कबूल केलं.

आता त्याची मुलगी पत्रादेवीच्या सीमेवरून गोव्यात शिरली. मालपे, धारगळ, म्हापसा, अस्नोडा करत ती डिचोलीच्या बसस्टँडपर्यंत येते आणि वाटेतून अनोळखी घरांना मेसेज करते, आसरा मिळेल का म्हणून. फोन ज्याच्या हातात तो घरवाला. कुठल्या देशातून आली, कुठली लढाई, ते त्याने मोघम ठेवलं. संस्थेला वाद नको होते आणि गौरेशला अभ्यास नको होता.

मुलीचं वय त्याने वीस ठेवलं, कारण त्याची तेजू वीसची होती आणि दुसऱ्या वयाच्या मुली कशा बोलतात हे त्याला माहीत नव्हतं. तेजू, म्हणजे तेजस्विनी, कुडाळला नर्सिंग शिकत होती. तिचे व्हॉट्सअॅपवरचे मेसेज त्याने सरळ उचलले. 'बॅटरी संपत आली.' 'बस बंद पडली, उतरवलंय सगळ्यांना.' 'घरात कोण आहे?' 'बाबा'च्या जागी 'घरवाले' घातलं की झाला निर्वासित तयार. फक्त तेजूला एक खोड होती, जिथे जाईल तिथल्या भटक्या कुत्र्याचा फोटो ती प्रत्येक मेसेजमागून धाडायची. ते फोटो त्याने गाळले. पर्वरीला बसून अॅप बांधणारा सर्वेश म्हणाला होता, "सर, फोटोची सोय नाही हां ह्याच्यात. फक्त अक्षरं."

घरही त्याने आपलंच घातलं. बाहेर तुळस, चार पायऱ्या, पडवीत निळा बाक, आत डाव्या हाताला एक खोली. आणि एक नियम, कारण अंकिताचं म्हणणं होतं की निवडीची किंमत मोजावी लागली पाहिजे. 'घरात जागा तिघांची. जी जागा देशील, ती कुणाचीतरी असेल.' हे वाक्य अंकिताला इतकं आवडलं की तिने त्याचं पोस्टर केलं.

त्याच्या घरातल्या तिघांपैकी एकीची, तेजूची, खोली त्याच सुमारास गौरेशने पर्यटकांना द्यायला काढली होती. मयेच्या तळ्यावर बोटी सुरू झाल्यापासून गावात ज्याच्याकडे जास्तीची कॉट तो होमस्टेवाला झाला होता. तेजूने फोनवर आकाशपाताळ एक केलं.

"म्हजी खोली भाड्यान दिली? मागीर हांव खंय न्हिदूं, तळ्यार?"

"अगे, तूं खंय आसा हांगा? व्हडल्या दिवाळेक येतलें तेन्ना रिकामी करतां."

"तुमी निर्वासितांचेर बरयतात मू, बाबा?"

"बरयतां."

"बरें. मागीर म्हाकाय घालात तातूंत."

त्याने लिहिलेल्या गोष्टीत ती घातलेलीच होती.

हो-नाहीची युक्तीही त्याचीच. गोव्यात देवाला विचारायचं तर कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मुलीचं स्थळ, विहिरीची जागा, भावाभावांतली बोलाचाली, सगळं त्या दोन पाकळ्यांवर निभावतं. गौरेशने फोनाच्या पडद्यावर डावी-उजवीकडे दोन पाकळ्या लावल्या. मेसेज आला की अंगठ्याने एक पाडायची. आणि सुरुवातीला गाऱ्हाणं, आपल्याच आवाजात. सुविधा, म्हणजे त्याची बायको, बँकेत गेलेली असताना त्याने ते पडवीतल्या निळ्या बाकावर बसून एकट्याने रेकॉर्ड केलं.

"बा देवा म्हाराजा, भायल्यान एक चेडूं वाटेर आसा. वळखीचें न्हय, पाळखीचें न्हय. तें आमच्याच घरचें म्हण, आनी ह्या निळ्या बांकाच्या घरांत ताका थारो दी, म्हाराजा."

आमच्याच घरचं म्हण. सहानुभूती म्हणजे दुसरं काय असतं, असं त्याला वाटलं, आणि स्वतःच्या लेखणीवर तो क्षणभर खूश झाला.

दोन दिवसांनी सर्वेशचा फोन आला.

"सर, एकदम भारी आलंय. ते मागे 'व्हय म्हाराजा' म्हणणारे कोण? पाचसहा जण असतील ना?"

गौरेशने 'व्हय म्हाराजा'साठी मधे नुसती जागा सोडली होती. ती मागाहून भरायची होती. त्याने रेकॉर्डिंग लावून ऐकलं. मागे पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा होता, कावळा होता, आणि प्रत्येक जागी, थोड्या लांबून, बऱ्याच जणांचा एकदम उतरलेला आवाज होता. दमलेला. लांबचं चालून आलेली माणसं बोलतात तसा.

"शेजारी," तो सर्वेशला म्हणाला. खरं सांगितलं असतं तर पुन्हा रेकॉर्ड करावं लागलं असतं.

मग तपासणी सुरू झाली. अॅपची नवी आवृत्ती आली की गौरेशने ती खेळून बघायची. जेवणाच्या वेळी तो हे काम उरकायचा. मेसेज यायचा, 'घरवाले, रात्रीपुरती जागा मिळेल का?' आणि तो डावी पाकळी पाडायचा. कारण साधं होतं. उजवी पाडली की पुढचे सगळे प्रसंग वाचत बसावे लागत. डावी पाडली की मुलीकडून 'बरं.' एवढंच उत्तर येई, पडदा काळा होई, आणि माणूस माशाच्या हुमणाकडे वळायला मोकळा. उजवीकडचा शेवट त्याने स्वतःही घाईत लिहिला होता आणि पुन्हा कधी उघडून पाहिला नव्हता.

"कोणाक इतलें ना म्हणटा रे?" सुविधा ताट वाढताना म्हणाली.

"निर्वासित."

"फोन दवर आनी जेव. नुस्तें थंड जाता."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, डावी पाडून 'बरं.' आल्यावर, काळ्या पडद्यावर आणखी एक ओळ उमटली.

'तळ्यावरच्या बोटी झाकून ठेवल्यात.'

गौरेशने हातातला घास खाली ठेवला. त्याची मुलगी डिचोलीच्या बसस्टँडच्या पुढे कधी आलीच नव्हती. तळं त्याने लिहिलंच नव्हतं. तो स्कूटर काढून तळ्यावर गेला. रंगकामासाठी म्हणून त्या सकाळीच बोटी ओढून काठाला घेतल्या होत्या आणि त्यांच्यावर निळी ताडपत्री होती. पाण्यावर वारा नव्हता. ताडपत्रीचं एक टोक मात्र नुकतंच कुणी खालून उचलून बघितल्यासारखं दुमडलेलं होतं.

सर्वेश म्हणाला, "तुम्हीच कधीतरी लिहिलं असणार, सर. मी मराठीत एवढं बरं लिहीत नाही."

हे खरं होतं. म्हणून गौरेशने ते मान्य केलं.

दिवाळीत तेजूच्या खोलीत पुण्याचं एक जोडपं उतरलं. नरकासुराचे पुतळे जळताना बघून, शिरगावच्या देवळाला जाऊन, सकाळच्या पोदेराकडचे उंडे खाऊन ती दोघं एकदम समाधानी होती. निघताना बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी गोड आहे हो."

"फोटो बघितलात?" भिंतीवर तेजूचा शाळेतला फोटो होता.

"फोटो कशाला? काल दुपारी आली ना खोलीत. तुम्ही झोपला होतात बहुतेक. कॉटच्या कडेला बसली थोडा वेळ. दमलेली वाटली. 'तुम्ही कधी जाणार?' म्हणाली. आम्ही म्हटलं, उद्या. 'बरं' म्हणाली आणि उठून गेली." बाईंनी पर्सची चेन लावली. "राग नाही हां आला. फक्त, खोली तिची आहे हे आधी सांगायला हवं होतंत."

गौरेशने त्यांची बॅग गाडीत ठेवली, हात हलवला, आणि गाडी वळणाआड गेल्यावर कुडाळला फोन लावला. तेजू वॉर्डमधे ड्युटीवर होती. दिवाळीत तिथून कोणालाच सोडलं नव्हतं.

"कित्याक विचारतात, बाबा?"

"अशेंच."

"म्हजे खोलयेंत कोण आसा?"

"कोण ना."

खोलीत जाऊन त्याने पाहिलं. जोडप्याने चादर नीट घडी करून ठेवली होती. गादीच्या कडेला, जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, बाजूला, कुणी बसून उठल्याचा खोलगट ठसा होता. तो त्याने हाताने सारखा केला. थोड्या वेळाने येऊन पाहिलं तर ठसा तिथेच होता, आणि ऊबदार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावाच्या दुकानासमोर कृष्णनाथमाम भेटले. निवृत्त हेडमास्तर, देवस्थान समितीचे अध्यक्ष, आणि शेजारी. तिन्ही नात्यांनी त्यांना गौरेशला झापायचा अधिकार होता.

"तुवें म्हणे देवाक निर्वासित म्हणलां."

"माम, तो एक बोलण्याचा—"

"देव निर्वासित न्हय. देवान जागो बदल्लो." त्यांनी पिशवीत पाव टाकले. "आनी कौल मोबायलांत घातला म्हणटात. समितीची परवानगी?"

"माम, खेळ तो. कौल खरा न्हय."

"गाराणें घातलां?"

"घातलां."

"तुज्याच तोंडान? तुज्याच घरांत बसून? कोणाचे नांवान?"

गौरेशने सांगितलं. नाव नव्हतं. आमच्याच घरचं चेडूं, असं म्हटलं होतं.

कृष्णनाथमामांनी चष्मा काढून पुसला. वर्गात उत्तर चुकलं की ते पूर्वी असंच करायचे.

"अरे, घरचें म्हणून सांगलें जाल्यार तें घरचेंच जातलें. देवाक अलंकार समजना." मग, मुलाला घरी धाडताना शेवटचं सांगावं तसं, म्हणाले, "कौल कितले खेपे लायलो?"

"कोण मेजता? सगळे डावे."

"म्हणजे घरांत घे म्हणून सांगलें, आनी दरएक खेपे दार लायलें." ते निघाले, दोन पावलांवर थांबले. "उजवो दी नाका आतां. पयलीं विचार, कोणाची जागा दितलो तें."

नियम मामांना माहीत असायचं कारण नव्हतं. मग गौरेशला पोस्टर आठवलं. ते समितीच्या फळ्यावरही लागलं होतं.

घरी आल्या आल्या त्याने सर्वेशला फोन करून अॅप बंद करायला सांगितलं.

"बंदच आहे, सर," सर्वेश म्हणाला. "अंकितामॅडमनी सांगितलं नाही तुम्हाला? पैसे देणाऱ्यांनी विषय बदलला, आता समुद्री कासवं. सर्व्हर दिवाळीआधीच काढून टाकलाय."

"म्हणजे मेसेज येणार नाहीत?"

"कुठून येणार?"

त्या दुपारी मेसेज आला. 'तुळशीला चुना काढलात. छान दिसते.' खाली डावी-उजवीकडे दोन पाकळ्या. गौरेशने एकही पाडली नाही. फोन उपडा करून तांदळाच्या डब्यावर ठेवला. सुविधा खरंच बाहेर तुळशीवृंदावनाला चुना काढत होती.

व्हडली दिवाळी, म्हणजे तुळशीचं लग्न, उजाडली. तेजू दुपारच्या कुडाळ-म्हापसा बसने निघणार होती. सुविधाने तिची खोली झाडून काढली, गादी उन्हात टाकली, नवी चादर घातली. ऊस, दिंड्याची काठी, आवळ्या-चिंचेच्या डहाळ्या, फोव म्हणजे पोहे, सगळं पडवीत मांडून ठेवलं. ह्या दिवशी भट सापडत नाही, तेव्हा मंगलाष्टकं कृष्णनाथमाम म्हणणार होते. पोरीने संध्याकाळच्या आत पोचायला हवं, एवढाच सुविधाचा घोर होता.

उन्हं तळ्याकडे कलली तेव्हा गौरेशचा फोन वाजला. अॅप आपणहून उघडलं होतं.

'बाबा, बस बंद पडली. पत्रादेवीला उतरवलंय सगळ्यांना.'

बाबा. त्याने कधीच बाबा लिहिलं नव्हतं. त्याने सगळीकडे घरवाले केलं होतं.

त्याने तेजूला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. तिच्या मैत्रिणीला लावला. ती म्हणाली, तेजू केव्हाच निघाली.

'बॅटरी संपत आली. मी येऊ ना?'

पाकळ्या ओल्या दिसत होत्या. देवळातल्यासारख्या, कडेला पाण्याचा थेंब धरलेल्या.

"किदें जालें?" सुविधा दारात आली होती. त्याने फोन तिला दाखवला. तिला त्यात एवढंच दिसलं, की लेक सीमेवर अडकली आहे आणि बाप निर्णय करत उभा आहे.

"अरे, यो म्हण ताका! किदें पळयता?"

"हें तेजूच म्हणून कशें कळटलें?"

सुविधाने त्याच्याकडे तो शुद्धीवर नसल्यासारखं पाहिलं. डावी पाडायची तर कदाचित स्वतःच्या लेकीला नको म्हणायचं. रोज जेवताना म्हटलं तसं.

त्याने उजवी पाडली.

पाकळी खाली गेली. घाईत लिहिलेला शेवट पडद्यावर आला. एकच ओळ होती.

'दार उघडं ठेवा. जागा मिळाली.'

तरी त्याने स्कूटरची किल्ली घेतली. पत्रादेवीला जाऊन आपल्या डोळ्यांनी बघायचं, एवढं त्याला कळत होतं. स्कूटर स्टँडवरून काढून तो फाटकापाशी आला, तर फाटकात तेजू उभी.

खांद्याला तिची नेहमीची लाल बोलशी, प्रवासाची पिशवी. केस विस्कटलेले, सँडल धुळीने भरलेल्या.

"खंय चलल्यात, बाबा?"

"तुका हाडूंक. पत्रादेवी—"

"पिकअप मेळ्ळो," ती म्हणाली. पत्रादेवीहून मयेपर्यंतची वाट मेसेज आल्यापासून एवढ्यात कापणारा पिकअप गोव्यात कुणी पाहिला नसेल. पण लेक दारात उभी असताना बाप हिशेब करत नाही.

"आयलें गे आयलें!" आतून सुविधा धावत आली, तिने तिला जवळ घेतलं, तिच्या केसांतली धूळ झटकली. गौरेशने स्कूटर तिथेच स्टँडवर लावली. तो स्वतःवरच हसला.

ती पायऱ्या चढली. तिसऱ्या पायरीवर गावातला तांबडा कुत्रा नेहमीसारखा पसरला होता. तिने त्याला वळसा घातला आणि पुढे गेली. पडवीतल्या निळ्या बाकावर बसण्यापूर्वी तिने तो हाताने पुसून घेतला, पाहुणे पुसतात तसा.

"चाय दिवूं?" सुविधा म्हणाली.

"बरं," ती म्हणाली.

मग ती उठून आपल्या खोलीत गेली. डावीकडे, बरोबर. कॉटच्या कडेला बसली, जनेलाच्या बाजूला, बरोबर त्याच जागी. भाड्याच्या खोलीवरून ती भांडली नाही. ऊस आवडीने बघितला, आईला डहाळ्या बांधायला मदत केली, मामांच्या पाया पडली. सगळं बरोबर होतं. तेजू एवढी बरोबर कधीच नसायची.

कृष्णनाथमामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो जरा लवकर काढला, आणि गौरेशकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसू लागले.

दिवेलागण झाली. तुळशीभोवती पणत्या लागल्या. शेजारची चारदोन माणसं जमली.

"अंतरपाट धरात," माम म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

अंतरपाट धरायला दोन माणसं लागतात. एक टोक गौरेशने घेतलं, दुसरं तिने. मधे पांढरं कापड, पलीकडे ती. पणत्यांच्या उजेडात तिचा चेहरा तेजूचा होता. कुठूनही बघा, तेजूचाच होता.

मामांनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं.

खिशात फोन थरथरला.

त्याने एका हाताने काढला. अॅप उघडं होतं.

'बाबा, काळोख झाला. अजून पत्रादेवीलाच आहे. न्यायला या ना.'

खाली दोन पाकळ्या.

किल्ली खिशात होती. स्कूटर फाटकापाशी होती. अंतरपाट सोडून निघायला एक हात पुरला असता.

"कोणाचो मेसेज, बाबा?"

तिने कापडावरून हात पुढे केला. फोन घेतला नाही, नुसता अंगठा ठेवला. कंटाळलेल्या, सवयीच्या झटक्याने तिने डावी पाकळी पाडली. रोज जेवताना तो पाडायचा, तशी.

"जागा तिघांची मू," ती हळूच म्हणाली. हसून.

'बरं.' असं उत्तर आलं.

पडदा काळा झाला. सुविधाने फोनसकट त्याच्या हातात अक्षता दिल्या. ती लेकीकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, सुखाचं.

"सावधान," मामांनी म्हटलं, आणि मागे शेजारीपाजारी सावधान म्हणाले. अंगणात चारदोनच माणसं होती. आवाज पुष्कळ जणांचा होता, दमलेला, आणि तो आता लांबून येत नव्हता.

फोन परत उजळला. ह्या अॅपात फोटोची सोय नव्हती.

फोटो होता. चेकनाक्याच्या पत्र्याखाली एक काळा कुत्रा बसला होता, मान वर करून, फोटो काढणारीकडे शेपूट हलवत.

"सोडात अंतरपाट," माम म्हणाले.

तिने आपलं टोक आधीच सोडलं होतं.